शेजारचं नाव

"काकू, अ‍ॅरे म्हणजे नावांची रांग. त्यातून नावं गाळायची तर शेवटाकडून मागे येत जा," संगणकवर्गातल्या मधुराने बजावलं होतं. "पुढून निघालात, तर एक नाव गाळलं की पुढचं त्याच्या जागी सरकतं. प्रोग्रॅम मात्र पुढच्या जागेवर गेलेला असतो. सरकलेलं नाव तपासायचं राहूनच जातं."

पण जपमाळ असो की प्रोग्रॅम, प्रमिलाकाकूंना पहिल्यापासूनच सुरुवात करायची सवय. संध्याकाळी देवळात एकेक गौळण म्हणणाऱ्या बायकांची यादी होती. त्यात लागोपाठच्या दोघींचा घसा बसला होता, वत्सलाताईंचा आणि इंदुमतीताईंचा. काकूंनी दोघींच्या नावांवर खूण केली, देवाला हात जोडले आणि खुणेची नावं पुढून गाळत जाणारा आपला प्रोग्रॅम चालवला. वत्सलाताई गळल्या. इंदुमतीताई त्यांच्या जागी सरकल्या आणि सुखरूप वाचल्या. उरलेल्या सगळ्यांना निरोप गेले.

घटकाभरात फोन वाजला. "प्रमिला, मी गौळण म्हणायची? या घशाने?" इंदुमतीताईंचा आवाज करवतीसारखा येत होता. "अगं, गावभर हसं होईल माझं!"

"चूक माझी आहे, ताई. तुमच्याऐवजी मी म्हणते."

"तू? अगं, तू आरतीला तोंड उघडलंस की गुरव घंटा जोरात बडवतो!"

"शब्द दिला तो दिला," काकू हलकेच म्हणाल्या. त्यांनी आल्याचा तुकडा जिभेखाली ठेवला आणि कुणाला न सांगता देवळाची वाट धरली.