चौथी ओळ

चिमाजी पाथरवटानं चौथ्या नावासाठी छिन्नी टेकवली, तशी रुक्मिणीबाई दगडाला पाठ लावून खाली बसली.

“माझा दौलत मेल्याला न्हाई,” ती म्हणाली. “त्याचं नाव ह्यात घालायचं न्हाई.”

महाळुंग्याच्या चावडीपुढं सकाळपासून हेच चाललं होतं. दगडावर तीन नावं कोरून झाली होती. त्यांच्या वर मोठ्या अक्षरांत एक ओळ होती : ‘या गावातून १९ जण लढाईस गेले, १५ परत आले. बाकीचे कामी आले ते असे.’ उद्या सव्वीस जानेवारी. पुण्याहून पाहुणे येणार होते आणि संध्याकाळच्या आत दगड भिंतीत बसायला हवा होता.

सरपंच सोपानरावांनी म्हातारीला पुन्हा सगळं सांगितलं. दौलतराव बर्माच्या लढाईत हरवला त्याला पंधरा वर्षं झाली. लढाई संपूनही अकरा वर्षं होऊन गेली. लष्कराच्या कचेरीला तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा एकच उत्तर आलं, ठावठिकाणा लागत नाही. जिवंत आहे असं कुणी लिहीत नाही, मेला असंही कुणी लिहीत नाही. मग गावानंच काय ते ठरवायचं. रुक्मिणीबाईनं सगळं ऐकून घेतलं, पण ती जागची हलली नाही.

दौलतरावाची बायको यशोदाबाई चावडीच्या खांबाला धरून उभी होती. नाव कोरायला अंगठा तिनंच दिला होता. याच संक्रांतीला शेजारच्या शालनबाईनं सगळ्या बायकांना हळदीकुंकू लावलं आणि यशोदाबाईपुढं आल्यावर तिचं बोट तसंच राहिलं. लावावं की नको, तिला कळेना. यशोदाबाई वाण न घेताच घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं सोपानरावांचं घर गाठलं.

“कुंकू पुसायची लई घाई झाली तुला,” सासू तिच्याकडं न बघताच म्हणाली.

“पंधरा वर्सं झाली, आत्याबाई. ह्याला घाई म्हनत्यात व्हय?”

सोपानरावांचा धीर सुटला. या दगडासाठी दोन वर्षं त्यांनी तालुक्याला खेटे घातले होते, आणि आता घरच्या घरात या दोघींचंच जमत नव्हतं. तीन नावांवरच थांब, असं त्यांनी चिमाजीला सांगून टाकलं. चिमाजी हत्यारं आवरायला लागला.

यशोदाबाईला वाचता येत नव्हतं, पण वरची ओळ आठवडाभर ऐकून तिला पाठ झाली होती.

“एकोणीस गेले, पंधरा आले,” ती म्हणाली. “हितं नावं तीनच. मग एक कुठं हाय, भावजी, त्ये बी लिवा.”

सोपानरावांनी दगडाकडं पाहिलं. बाई म्हणत होती ते खरं होतं. उद्या पाहुण्यांच्या लक्षात आलं तर शोभा होणार. त्यांनी चिमाजीला विचारलं, एकोणीसचे अठरा करता येतील का. चिमाजी म्हणाला, नवाच्या खाचेत सिमेंट भरून वर आठ कोरता येईल, लांबून कळायचं नाही.

तेव्हा रुक्मिणीबाई उठली.

“अठरा?” ती म्हणाली. “सोपाना, चाकनापातुर तूच सोडाया गेलतास त्याला. त्याची ट्रंक तुझ्याच गाडीत हुती. आन् आता त्यो गेलाच न्हाई म्हनतोस?”



म्हातारीनं तिसऱ्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर हात ठेवला आणि चिमाजीला म्हणाली, “हितं लिव. दौलत गेला.”

चिमाजी घोटाळला. लढाईत कामी आला, असं म्हणायचं का, त्यानं विचारलं.

“गेला. एवढंच.”

चिमाजीनं यशोदाबाईकडं पाहिलं. तिनं मानेनंच होकार दिला. सोपानराव गवंड्याला बोलवायच्या निमित्तानं तिथून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी हार घातला आणि तिन्ही नावं मोठ्यानं वाचली. चौथ्या ओळीशी ते अडखळले, सोपानरावांकडं एकदा बघितलं, आणि ती ओळ सोडून त्यांनी भाषण सुरू केलं. ते बराच वेळ बोलले. शेवटी त्यांनी सगळ्यांना उभं राहून शहिदांना वंदन करायला सांगितलं.

यशोदाबाईनं हात जोडून डोळे मिटले. तिच्या शेजारी रुक्मिणीबाई ताठ उभी होती, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून.