साठाच्या आत

मोठ्या बाईंनी तिसऱ्यांदा टक्केवारी काढली. उत्तर तेच आलं. एकशे वीस मुलांपैकी चौऱ्याहत्तर जणांना इयत्तेप्रमाणे वाचता येत होतं. शेकडा साठाच्या वर.

समोर बसलेल्या लिपिकाने पेनाला टोपण लावलं. "गेलं म्हणायचं अनुदान," तो म्हणाला.

बाकीच्या शिक्षकांचे पगार सरकार पटावरून द्यायचं. वाचनाच्या बाईंचा पगार मात्र एका वेगळ्या अनुदानातून यायचा. ज्या शाळेत शंभरातली साठ मुलंही धड वाचू शकत नाहीत, अशा मागे पडलेल्या शाळांसाठी ते होतं. शाळेने साठ गाठले की पुढच्या वर्षापासून बंद. तीन वर्षांपूर्वी या बाई आल्या तेव्हा जेमतेम तीस मुलं वाचत होती. मोडक्या बाकांची खोली झाडून त्यांनी तिथे बस्तान मांडलं. एकेका पोराला शेजारी बसवून, ओळीखाली बोट धरून वाचतं केलं.

मोठ्या बाईंनी शिक्षण कचेरीत फोन लावून आकडा सांगितला.

"अभिनंदन, मॅडम!" पलीकडचे साहेब मनापासून खूश झाले होते.

"अहो, पण शेहेचाळीस मुलं अजून अडखळतायत. त्यांचं काय?"

"आधी नव्वद होती ना? इतकी सुधारली, तशी हीपण सुधारतील."

"ती आपोआप नाही सुधारली, साहेब. त्या बाईंनी हाडाची काडं केली."

"मला कळतंय हो. पण तुमच्यापेक्षा वाईट शाळा रांगेत उभ्या आहेत. त्यांनाही बाई हवीच की. पाचपर्यंत निकालाचा तक्ता पाठवा."

फोन ठेवल्यावर लिपिक दाराकडे बघून हळूच म्हणाला, "फोनवरचा आकडा कच्चा होता म्हणू. कागदावर एकाहत्तर दाखवली तर आपण साठाच्या आत. तीन नावं खाली सरकवायची, बस. कुणाच्या ताटातलं काढून घेतोय आपण?"

मोठ्या बाईंनी त्याला झापलं नाही, तेव्हाच त्यांना कळून चुकलं की आपलं मन वळलंय. वीस वर्षांत त्यांनी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. पण ती शेहेचाळीस मुलं डोळ्यांपुढून हलत नव्हती. अडचण एकच होती. तक्त्यावर वाचनाच्या बाईंचीही सही लागायची, आणि त्या तर रेघेसारख्या सरळ. पालक समितीच्या अध्यक्षांनी नातवासाठी एक गुण मागितला, तर त्यांच्या तोंडावर "वाचेल त्या दिवशी देईन" म्हणणारी बाई! तिच्यापुढे हे बोलायला तोंड कसं उघडायचं?

चार वाजता त्या तक्ता घेऊन मोडक्या बाकांच्या खोलीत गेल्या. वाचनाच्या बाई फाटलेल्या पुस्तकाला चिकटपट्टी लावत होत्या. मोठ्या बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. अनुदान, साहेब, तीन नावं. सांगताना नजर जमिनीवर होती.

वाचनाच्या बाईंनी कात्री खाली ठेवली.

"सहाजणांची नावं मी आधीच खाली सरकवलीत, बाई."

मोठ्या बाई मटकन बाकावर बसल्या.

"तो साठाचा नियम मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता," वाचनाच्या बाई बोटाला चिकटलेली पट्टी सोडवत म्हणाल्या. "घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं, ते तर आहेच. पण ही उरलेली पोरं अशी अर्ध्यावर टाकवेनात. म्हटलं, सहा पुरतील. तरी मेली चौऱ्याहत्तर भरली!"

"मग आणखी तीन," मोठ्या बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या. "सहा काय आणि नऊ काय."

दोघी यादीवर वाकल्या. बोट एका नावावर थांबायचं, पुढे सरकायचं. "ही नको, हिचे वडील मारतील." "हा नको, वाचता आलं म्हणून कालच घरी सांगितलं असेल." अर्धी यादी झाली, एक नाव सापडेना.

तेवढ्यात दारात चौथीतली एक मुलगी येऊन उभी राहिली. तेलकट वेणी, छातीशी पुस्तक.

"बाई, परीक्षेतला धडा पुन्हा वाचून दाखवू? मी घरी चारदा वाचला. कुठे चुकले तेच कळत नाहीये."

वाचनाच्या बाईंचा चेहरा उतरला. ही त्या सहातली, हे मोठ्या बाईंना कुणी सांगावं लागलं नाही.

"वाच," मोठ्या बाई म्हणाल्या.

मुलीने वाचलं. स्वल्पविरामाला थांबली, प्रश्नचिन्हाला आवाज चढवला. एकही शब्द अडला नाही. वाचून झाल्यावर तिने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "आता कुठे?"

"कुठेच नाही," वाचनाच्या बाई म्हणाल्या. "तेव्हाही नव्हतीस चुकली. माझंच लिहायला चुकलं."

मुलगी धावतच बाहेर गेली. मोठ्या बाईंनी तक्ता पुढे ओढला. चौऱ्याहत्तरवर काट मारली, ऐंशी लिहिलं आणि सही केली. मग पेन पुढे केलं. वाचनाच्या बाईंनी सही केली, आणि कागद परत देताना म्हणाल्या, "उद्यापासून दोघादोघांना पाठवा. चाळीस उरलीत, आणि वर्ष संपायला माझे आठवडे सातच."