बावीस मिलिमीटर

औषधाच्या चकतीभोवती जंतूंना वाढताच आलं नव्हतं. त्या स्वच्छ वर्तुळावर मी पट्टी ठेवली. बावीस मिलिमीटर. पट्टी फिरवून पुन्हा मोजलं. बावीसच. म्हणजे औषध लागू, आणि केतकीचं म्हणणं बरोबर.

एकोणीस वर्षं मी या लॅबमध्ये प्लेटवरची अशी वर्तुळं मोजतेय. डॉक्टर माझ्या रिपोर्टसाठी ताटकळायचे. मग विद्यापीठातून ही गणितवाली केतकी लॅपटॉप घेऊन आली. जन्मात कधी प्लेट हातात धरली नाही, पण कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देणार नाही, ते तिचं मॉडेल आदल्या दिवशीच सांगतं. आता डॉक्टर दारातूनच विचारतात, "केतकी काय म्हणतेय?"

कालचा नमुना सहा वर्षांच्या मुलीचा होता. दोन औषधं आधीच वाया गेलेली. केतकी म्हणाली, "हे तिसरं चालेल." मी म्हणाले, "अजिबात नाही. लिहून ठेव." डॉक्टरांनी तिचंच ऐकलं. म्हणून तर आज सकाळी मी सगळ्यांच्या आधी आले, तिला तोंडघशी पाडायला.

रिपोर्ट घेऊन बाहेर पडले. बाकावर बसलेली मुलीची आई उठली, तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भिंतीला धरून ती मटकन खाली बसली.

"हेही औषध नाही ना चालत?"

"चालतंय," मी म्हणाले.

ती हसली, रडली, माझे दोन्ही हात तिनं घट्ट धरले. मग हळूच म्हणाली, "मग तुमचं तोंड का हो असं उतरलंय, ताई? तुमच्या घरी कुणी आजारी आहे का?"