मायेचा आवाज

सरकारी दवाखान्याच्या स्टोअरमध्ये दोनशे खोकी धूळ खात पडली होती. अर्ज मंजूर झालेले आजी-आजोबा ती न्यायला येईनात, आणि महिनाअखेरीस उरलेली खोकी परत जाणार होती. म्हणून माणसांच्या वागण्याचा अभ्यास केलेल्या एक मॅडम वरून आल्या. त्यांनी स्वतःच्या गोड आवाजात निरोप रेकॉर्ड केला, "आजी, आजोबा, तुमची वस्तू तुमची वाट बघतेय हं!" आणि रोज सकाळी अकराला सगळ्यांना तो फोनवर ऐकवायचा, असं फर्मान काढलं.

स्टोअरकीपर चाचरत म्हणाला, "मॅडम, त्यापेक्षा पत्रं टाकली तर?"

"काका, पत्र कोरडं असतं. आवाजात माया असते. शास्त्र आहे हे, तुम्हाला नाही कळायचं."

काकांनी अर्जांवरच्या फोन नंबरांची यादी मॅडमपुढे ठेवली. सतरा वर्षांच्या नोकरीत शास्त्राशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

आठवड्याने एक आजोबा अर्जाची पावती फडकावत आत घुसले आणि अख्खा दवाखाना गोळा होईल अशा आवाजात ओरडले, "पावतीवरचा हा नंबर तुमचाच ना? रोज अकराला खिशात फोन थरथरतो, मी हॅलो हॅलो करून दमतो, पण तुमचा माणूस तोंडातून चकार शब्द काढत नाही!"

"बघा काका, आले की नाही!" म्हणत मॅडम खुशीत अहवाल लिहायला बसल्या.



काकांनी कपाळावर हात मारला आणि कानाच्या मशीनचं पहिलं खोकं कपाटातून बाहेर काढलं.