थवीच्या आवडीचं

सायबुआनं डब्याचं झाकण काढलं आणि विहाराच्या ओसरीवर ताडगुळाचा वास पसरला. नारळाच्या दुधातल्या अंड्याच्या वड्या, पाकात सोडलेले पिवळे थेंब, चिकट भात आणि वर आंबा. थायलंडातल्या आख्ख्या फेचबुरीत तिच्या हातच्या गोडाला तोड नव्हती. आज नवऱ्याला, थवीला, जाऊन शंभर दिवस झाले होते. गेलेल्या माणसाच्या आवडीचं भिक्खूनं खाल्लं की ते त्याला पोचतं. ताटात राहिलं तर वाटेतच राहतं, असं तिची आई सांगायची.

"आई, एवढं नको गं," तिची लेक वान्नी कानाशी लागली. "म्हाताऱ्या भिक्खूंचे डोळे बघ. बाबांचे असेच पिवळे झाले होते."

सायबुआनं बघितले होते. चिवराखालची सुजलेली पावलंही बघितली होती. थवी आणि हे म्हातारे भिक्खू लुआंग ता चुएन, दोघांच्या यकृतावर चरबी एकाच वर्षी निघाली. दोघांनी जन्मात दारूला हात लावला नव्हता. या वयात गोड थांबवलं नाहीत तर हे यकृत जीव घेईल, असं डॉक्टरीणबाईंनी दोघांना बजावलं होतं. सायबुआनं ते मनावर घेतलं. दोन वर्षं गावासाठी कढया उतरवल्या, पण थवीला बोट चाटू दिलं नाही. शेवटच्या आठवड्यात तो एका वडीसाठी लहान पोरासारखा रडला. तिनं दिली नाही. आणि तो गेला तो गेलाच.

"मग तुझ्या बापाला तिकडंही उपाशी मारू?" ती म्हणाली. आवाज दाबायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

लुआंग ता चुएन यांनी ऐकलं. बाईच्या हातून भिक्खू थेट काही घेत नाही, म्हणून त्यांनी पुढ्यात फडकं पसरलं आणि तिनं त्यावर ताट ठेवलं. भिक्खूनं काही मागायचं नसतं, आलेलं नाकारायचं नसतं.

त्यांनी एक वडी खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी हातात घेऊन दम खात बसले. सायबुआ त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. थवीच जेवतोय असं वाटून तिला भरून आलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली. पुरे, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं.

"अजून एक घ्या, बाबा. त्याला दोन-तीन कधीच पुरल्या नाहीत."

वान्नी उठून बाहेर गेली.

ताट रिकामं झालं. लुआंग ता चुएन यांनी मंत्र म्हटले आणि सायबुआनं थवीचं नाव घेत तांब्यातलं पाणी वाटीत सोडलं. अर्धं खाली सांडलं.

भिंतीला धरून उठता उठता ते थांबले.

"जिवंतपणी मला काही मागता येत नाही, सायबुआ. मेल्यानंतरचं सांगितलं तर चालेल ना?"

"सांगा की, बाबा."

"माझ्या शंभराव्या दिवशी उकडलेलं कारलं आण. डॉक्टरीणबाईंनी तेच खायला सांगितलंय. दोन वर्षं पात्र घेऊन दारोदार हिंडतोय, एकानंही घातलं नाही."