एकेचाळिसावा कुरव

किनाऱ्यावरच्या वन्यजीवांची वेबमालिका हर्णैला चित्रित होत होती. दिग्दर्शिका मृण्मयी पडद्यावर बोट फिरवून यांत्रिक कुरव पक्ष्यांचा थवा डावीकडे वळवत होती, तेवढ्यात किनाऱ्यावर मासे वाळवणाऱ्या चांगुणाबाई तक्रार घेऊन आल्या.

"ताई, तुमचं एक पाखरू बिघडलंय. माझा वाळत घातलेला बोंबील उचलला त्यानं."

मृण्मयीने आकडा पाहिला. सोडलेले चाळीसही पक्षी हवेत होते. तरी बोंबील वाळत घातलेल्या बांबूवर एक बसलेला दिसत होता. तिने उतरण्याची आज्ञा दिली. चाळीस पक्षी मुकाट्याने वाळूत उतरले आणि तो मात्र मान वर करून बोंबील गिळत राहिला.

"बॅटरीवरचा पक्षी मासा कशाला खाईल?" ती गोंधळून म्हणाली.

चांगुणाबाई थबकल्या. लहानपणी, किनाऱ्यावर खरे कुरव येत तेव्हा, त्यांना बोंबलांची राखण करायला बसवत. हात सवयीने काठीकडे गेला आणि तसाच मागे आला. त्यांनी आणखी एक बोंबील काढून त्याच्यापुढे ठेवला.

"ताई, ह्याला भूक लागलीय," त्या हळूच म्हणाल्या.

मृण्मयी कॅमेरा जवळ नेऊन अजून त्याच्या पंखाखालचा नंबर शोधत होती.