होडीवर बसणारी

पोर्ट लिंकनच्या धक्क्याला होडी लावली आणि हातसुद्धा न धुता मी विमा कंपनीला फोन लावला. हप्ता यंदा पुन्हा वाढला होता. माझा नवरा क्लाइव्ह समुद्रतळाच्या खडकांवरून पाच तास शिंपले काढून नुकताच वर आला होता. तो जाळ्यांवर डोळे मिटून आडवा पडला होता. विमा त्याच्या नावावर, म्हणून फोन स्पीकरवर टाकून मी त्याच्याशेजारी ठेवला.

“अठ्ठावन्नाव्या वर्षी पाणबुड्याचा विमा महागच पडणार,” स्पीकरवरची मुलगी म्हणाली. “पैसे वाचवायचे तर मॅडमचा विमा बंद करा. त्या काय काम करतात?”

“होडीवर बसते,” मी म्हणाले. सव्वीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर मी हेच लिहीत आले होते.

“मग त्यांना कसला आलाय धोका!”

“करून टाक बंद,” क्लाइव्ह डोळे न उघडताच पुटपुटला.

मला जरा लागलंच. पण बोलायचंही त्राण नव्हतं.

“फक्त एक सांगते हं, सर,” मुलगी नियमाप्रमाणे म्हणाली, “उद्या मॅडमना काही झालं, तर तुमच्या हाती एक डॉलरही येणार नाही.”

“अगं पोरी, माझ्या हवेचा पंप ती सांभाळते. नळी तिच्या हातात असते. शार्क दिसला की मला ओढून घेते तीच. तिला वर काही झालं, तर तुझे डॉलर घ्यायला खालून येणार कोण?”

मग तिनं हळूच विचारलं,

“सर, मॅडमचं काम नक्की काय लिहू?”